चहात पडलेले सुळे

शनिवारी सकाळी एव्हरिल हॉबडेनं टोस्टला लोणी लावलं, त्यावर संत्र्याचा मुरांबा पसरला आणि तो तसाच पुन्हा टोस्टरमध्ये घालायला निघाली, तेव्हा क्लाइव्हनं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"काय गं, कुणाच्या मयताला जायचंय का आज?"

"नाही."

"मग तोंड असं का? दुपारी सिनेमा बघायचा, केक खायचा, वर लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवणार. जन्मभर मी लोकांचे नळ दुरुस्त केले, मला कुणी टाळ्या वाजवतो म्हटलं असतं ना, तर मी परवापासून टाय बांधून बसलो असतो."

एव्हरिलनं टोस्ट बशीत ठेवला. तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. तीन आठवड्यांपासून नव्हतं. शाळेत भूगोल शिकवणारी टॅम्सिन दारात येऊन उभी राहिली होती, त्या दिवसापासून.

टॅम्सिन गावातलं सिनेमा मंडळ चालवायची. दर ऑक्टोबरला मार्शमच्या ग्रामसभागृहात ती 'द पेकिश काउंट' दाखवायची, कारण तो सिनेमा इथलाच. नदीकाठी जिथं आता विटांची नवी घरं उभी आहेत, तिथल्या स्टुडिओत बहात्तर साली तयार झालेला. जरा-जरा भूक लागलेला एक रक्तपिपासू उमराव, पाद्रीबुवांचं घर, भाची, चहा आणि शेवटी सगळा गोंधळ. असा तो सिनेमा. पडद्यावरची वटवाघळं दोऱ्याला लोंबकळत यायची आणि दोराही दिसायचा. लोकांना तो दोरासुद्धा प्रिय होता. यंदा खुद्द काउंट येणार होता, म्हणजे ऑब्री थॉर्नबी, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी. आणि टॅम्सिनला कुठल्याशा जुन्या कागदात सापडलं होतं, की काउंटचे सुळे पेटिफर यांच्या कवळ्यांच्या कारखान्यात 'कु. एव्हरिल टॉबिन' यांनी बनवले होते.

"तुम्हीच ना त्या, लग्नाआधीच्या?" टॅम्सिन आनंदानं जवळजवळ उड्या मारत म्हणाली होती. "मी पुढच्या गल्लीत राहते आणि मला माहीतच नाही! तुम्ही दोघं एका मंचावर! तुमच्या सुळ्यांनी इतिहास घडवला हो!"

एव्हरिल 'हो' म्हणून बसली होती. नाही म्हणायला कारण सुचलं नाही, आणि खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं.

आता ती क्लाइव्हसमोर बसली. "क्लाइव्ह, ते सुळे माझ्यामुळे पडले."

"पडायचेच होते ना? तोच तर विनोद आहे."

"नाही. विनोद नव्हताच. तो सिनेमा भीतीचा होता. खराखुरा. विनोदी मी केला."

क्लाइव्हनं चष्मा काढला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. एव्हरिलनं मग सगळं सांगून टाकलं.

तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पेटिफरसाहेबांच्या हाताखाली कवळ्या बनवायला शिकत होती. साहेब कामात पक्के आणि तोंडानं फटकळ. दोनदा त्यांनी तिला ताकीद दिली होती, तिसऱ्यांदा घरचा रस्ता. अशात स्टुडिओचं काम आलं. नटाच्या तोंडाचा ठसा घेऊन प्लास्टरचा साचा केला, की त्यावर टाळूला चिकटून बसेल अशी पातळ पट्टी आणि तिला दोन सुळे. काम काही अवघड नव्हतं. एका दुपारी साहेब बाहेर गेले असताना एव्हरिलच्या कोपराचा धक्का लागून साचा फळीवरून खाली पडला आणि त्याचे तीन तुकडे झाले.

नवा ठसा घ्यायचा तर नटाला पुन्हा बोलवावं लागलं असतं, म्हणजे साहेबांना सांगावं लागलं असतं. एव्हरिलनं तुकडे चिकटवले. नीट बसले. अगदी केसाएवढी फट राहिली, तीही तिनं मेणानं बुजवली. त्या साच्यावर सुळे केले. साहेबांनी ते साच्यावर बसवून पाहिले, तर चपखल. बसणारच होते, साच्यातच खोट होती! माणसाच्या तोंडात मात्र ते केसभर सैल होते.

चिकटवायच्या भुकटीवर नऊ दिवस निभावलं. दहाव्या दिवशी मुख्य प्रसंग होता. बाहेर विजा, आत पाद्रीबुवांची भाची खुर्चीत डोळे मिटून बसलेली, मांडीवर चहाचा कप. काउंट मागून येतो, झगा पसरतो, मानेवर वाकतो, तोंड उघडतो, आणि सुळे सुटून सरळ कपात. डुबुक! भाचीचं काम करणारी डेलिया, आता ती या जगात नाही, तिनं एक डोळा उघडून कपात पाहिलं आणि गोड आवाजात विचारलं, "साखर एक खडा की दोन?"

कॅमेरा चालूच होता. कॅमेरावाल्याला हसू आवरेना, त्यामुळे चित्र हलतं, ते आजही तसंच हलतं. दुसऱ्या दिवशी निर्मात्यांनी तो तुकडा पाहिला आणि अख्खा सिनेमा फिरवला. नवे संवाद, नवं नाव, दोऱ्यावरची वटवाघळं. वर जाहीर झालं की काउंटनं सुळे मुद्दाम पाडले, काय समयसूचकता! पेटिफरसाहेब कारखानाभर सांगत सुटले, "आपले दात गाजले रे!" एव्हरिल मूग गिळून बसली, ती आजपर्यंत.

"झालं एवढंच?" क्लाइव्ह म्हणाला. "अगं, मग भलंच झालं की सगळ्यांचं."

"त्यांचं नाही झालं. मी वाचलंय. त्या वर्षी ते मोठे नट होणार होते. लंडनच्या रंगभूमीवर गंभीर कामं मिळणार होती. त्यानंतर जन्मभर त्यांनी काय केलं? काउंट, काउंटचा भाऊ, काउंटचा खानसामा. बिस्किटांच्या जाहिरातीतला काउंट."

क्लाइव्हनं वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाला, "सांगणार आहेस त्यांना?"

"म्हणून तर घास उतरत नाहीये."

सभागृहाच्या दारात एक वाजल्यापासूनच रांग होती. काळे झगे घातलेले, तोंडाला पांढरी पावडर फासलेले, आपल्या लेकी-नातवंडांसकट आलेले लोक. एका आजोबांनी वटवाघळं विणलेलं स्वेटर घातलं होतं. प्रत्येकाच्या हातात घरून आणलेली कपबशी. टॅम्सिन दारात उभी राहून प्रत्येकाला साखरेचा एक-एक खडा देत होती आणि बजावत होती, "आत्ता खायचा नाही हं. प्रसंग येईल तेव्हा टाकायचा."

एव्हरिलनंही खडा घेतला. तो तळहातात चिकट होऊ लागला, इतका तिला घाम फुटला होता.

चहाच्या रांगेत तिच्या पुढं स्विंडनहून आलेली एक बाई होती, पन्नाशीची, बस चालवणारी. एव्हरिल कोण हे टॅम्सिननं मोठ्यानं सांगून टाकल्यावर त्या बाईनं तिचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही केलेत ते? देव भलं करो तुमचं. माझा नवरा इस्पितळात होता ना, शेवटचे चार महिने, आम्ही हा सिनेमा रोज बघायचो. रोज! नर्सला वाटायचं आम्ही येडे. पण कसं असतं माहितीये, रात्रंदिवस काहीतरी मागून येतंय, मानेवर वाकतंय, असंच वाटत असतं. आणि मग त्याचे दातच पडतात. आम्ही असे हसायचो! तो म्हणायचा, 'शेरिल, बघ, याच्यानं साधं चावणंसुद्धा होत नाही.' गेला तो. पण घाबरून नाही गेला."

"मला वाईट वाटतं," एव्हरिल म्हणाली.

"वाईट कसलं! आणि मला जास्त काय आवडतं सांगू, त्यांनी ते मुद्दाम केलं. एवढा भीतिदायक माणूस, आणि आपण घाबरू नये म्हणून त्यानं स्वतःच स्वतःची फजिती करून घेतली."

एव्हरिलनं चहा तसाच खिडकीत ठेवला. क्लाइव्ह दुसऱ्या टोकाला कुणाशी तरी बॉयलरबद्दल बोलत होता. त्याच्याकडे जावं, घरी चल म्हणावं, डोकं दुखतंय म्हणावं. तेवढ्यात बाहेर टॅक्सी थांबली आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं.

थॉर्नबी उंच होते. वाकले होते, तरी उंच होते. उंटाच्या रंगाचा कोट, काठी, चांदीसारखे केस. लोकांनी वाट करून दिली आणि ते कुणाकडे हात हलवत, कुणाकडे भुवई उडवत आत आले. एका चिमुरडीनं मान पुढं केली तेव्हा ते वाकून गंभीरपणे म्हणाले, "आत्ताच जेवून आलोय, बाळ." हास्याचा फवारा उडाला. आवाज अजून खणखणीत होता.

टॅम्सिननं त्यांना मंचामागच्या स्वयंपाकघरात नेलं, एव्हरिललाही हाताला धरून नेलं. "अर्धा तास आहे. तुम्ही दोघं बोला निवांत. बावन्न वर्षांनी भेटताय!" आणि दार ओढून ती गेली.

स्वयंपाकघरात मोठा चहाचा पिंप खळखळत होता. थॉर्नबी स्टुलावर बसले. लोकांसमोरचा चेहरा त्यांनी कोटासारखा उतरवून ठेवला होता. आता ते फक्त थकलेले म्हातारे दिसत होते.

"तर तू ती दातवाली मुलगी. मला तुझा चेहरा आठवत नाही, माफ कर. तुझी बोटं आठवतात. ठसा घेताना गार होती."

"मि. थॉर्नबी, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"सांग की."

तिनं सांगितलं. सकाळी क्लाइव्हला सांगितलं होतं तितकं सरळ आता जमेना. ती आधी फटीचं बोलली, मग मेणाचं, मग पेटिफरसाहेबांचं, आणि साचा पडल्याचं सांगायचं राहिलंच, ते शेवटी सांगितलं.

"म्हणजे ते दात सैल होते," थॉर्नबी सावकाश म्हणाले.

"हो."

"पहिल्या दिवसापासून."

"हो. माझी चूक होती. तुम्ही मुद्दाम पाडले असं सगळे म्हणतात, पण मला ठाऊक होतं..."

"मी मुद्दाम वगैरे काही पाडले नाहीत," ते म्हणाले. "ते निर्मात्यांनी छापायला दिलं होतं. त्या दिवशी दुपारी मी दोन जिन घेतल्या होत्या. दोन नाही, तीन. मोठा प्रसंग, हातपाय कापत होते माझे. आणि सुळे पडले तेव्हा मला वाटलं, झालं! दारूनं जबडा ढिला पडला. मीच मातीत घातलं सगळं."

एव्हरिलला पुढचं ऐकायची भीती वाटू लागली.

"पुढच्या वर्षी ब्रिस्टलला एका नाटकात मी म्हाताऱ्या राजाचं काम करत होतो. मेलेल्या मुलाशेजारी बसून बोलायचं होतं. मी तोंड उघडलं आणि वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, 'साखर एक खडा की दोन?' सातशे माणसं हसली. मेलेला मुलगासुद्धा हसला, त्याचं पोट हलताना मला दिसत होतं. मी त्या रात्री ठरवलं, हे मला दारूनं दिलंय. तेव्हापासून थेंबाला शिवलो नाही. एक्कावन्न वर्षं, बाई! लेकीच्या लग्नात मी लिंबूपाणी प्यायलो. माझ्या आईच्या मयतानंतर लिंबूपाणी. दर नाताळला सगळे लाल-लाल होऊन गाणी म्हणतायत आणि मी कोपऱ्यात लिंबूपाणी घेऊन! स्वतःला शिक्षा म्हणून! आणि तू सांगतेस, ती तुझी फट होती?"

"मला माफ करा."

"अजून कुणाला सांगितलंयस?"

"नवऱ्याला. आज सकाळी."

थॉर्नबी काठीवर जोर देऊन उठले. दार उघडून त्यांनी हाक मारली, "टॅम्सिन! त्या कोपऱ्यातल्या बारमधून मला एक जिन आण. मोठी."

टॅम्सिन हसली. "तुम्ही तर लिंबूपाणीवाले ना? तसंच लिहून आलं होतं."

"चुकीचं लिहून आलं होतं."

एव्हरिल पुढं झाली. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस. त्यांच्या कोटाच्या खिशातून गोळ्यांची डबी डोकावत होती, आठवड्याचे वार लिहिलेली, शनिवारचा खण रिकामा. या वयात, या गोळ्यांवर, एक्कावन्न वर्षांनी. "मि. थॉर्नबी, नका घेऊ. प्लीज."

"तुला आता मत द्यायचा हक्क नाही," ते शांतपणे म्हणाले. "चल, सिनेमा सुरू होईल."

पहिल्या रांगेत ते दोघं शेजारी बसले. थॉर्नबींच्या हातात जिनचा पेला, भरलेला, अजून न उष्टावलेला. दिवे मालवले. गडगडाट झाला, तोही पत्र्याचा वाटणारा, आणि पाठीमागून दीडशे माणसांनी एकसाथ "बाई गं!" असा उसासा टाकला. दरवर्षीचा नेम असावा.

एव्हरिलनं हा सिनेमा त्या वर्षी एकदाच पाहिला होता, तोही बोटांच्या फटीतून. आता तिला पडदा निम्माच दिसत होता, कारण निम्मं लक्ष पेल्याकडे. वटवाघूळ दोऱ्यावरून आलं, लोकांनी "दोरा! दोरा!" असा गजर केला, पेला तिथंच होता. काउंटनं शवपेटीतून उठताना डोकं आपटलं, थॉर्नबींनी पेला दुसऱ्या हातात घेतला. धुक्यात पाद्रीबुवांना इतका खोकला आला की संवाद ऐकूच आला नाही, आणि सगळ्या सभागृहानं तो त्यांच्या वतीनं म्हटला. पेला थॉर्नबींच्या गुडघ्यावर आला. एव्हरिल त्या पेल्याकडं अशी बघत होती, जणू त्यातूनच काहीतरी उठून तिच्या मानेवर वाकणार आहे.

मधेच तिनं मान वळवून मागं पाहिलं. पडद्याचा उजेड लोकांच्या तोंडावर पडला होता. स्विंडनच्या शेरिलचे ओठ प्रत्येक शब्दाबरोबर हलत होते. तिच्या शेजारची खुर्ची तिनं रिकामी ठेवली होती, तिच्यावर नुसती कपबशी होती.

मग तो प्रसंग आला. विजा. भाची. कप. तरुण, देखणा काउंट मागून आला. एव्हरिलला पहिल्यांदाच दिसलं की तो किती चांगलं काम करत होता. त्याच्या चालण्यात गंमत नव्हती, भूक होती, आणि त्या भुकेची लाजही होती. आणखी दोन क्षण सुळे टिकले असते तर माणसं खरंच किंचाळली असती. तो वाकला. त्यानं तोंड उघडलं.

डुबुक!

त्याच क्षणी सभागृहभर दीडशे कपांत दीडशे खडे पडले, आणि दीडशे तोंडं एका सुरात ओरडली, "साखर एक खडा की दोन?" एव्हरिलचा खडा तिच्या मुठीतच विरघळून गेला होता. शेजारी थॉर्नबींनी पेला तोंडाला लावला आणि एक घोट घेतला.

एव्हरिलनं त्यांची बाही धरली. ते तिच्याकडं वळले. तोंड वेडंवाकडं झालं होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं.

"शी!" ते कुजबुजले. "हे इतकं घाण लागायचं?"

त्यांनी पेला खुर्चीखाली ठेवला. उरलेल्या सिनेमाभर तो तिथंच होता. एव्हरिलनं दोन वेळा वाकून खात्री करून घेतली.

दिवे लागल्यावर मंचावर तीन खुर्च्या मांडल्या. टॅम्सिननं थॉर्नबींना हाताला धरून वर चढवलं, शेजारी एव्हरिललाही बसवलं आणि सगळे ज्याची वाट पाहत होते तो प्रश्न विचारला, "मि. थॉर्नबी, ते सुळे. तो क्षण. तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं?"

एव्हरिलनं खाली बसलेल्या क्लाइव्हकडं पाहिलं. त्यानं नुसती मान हलवली. तिला धीर द्यायला, की गप्प बस म्हणायला, ते तिला कळलं नाही.

"माझ्या मनात?" थॉर्नबी म्हणाले. "माझ्या मनात आलं, मेलो. मी काहीही मुद्दाम केलेलं नाही. तीन जिन प्यायलो होतो आणि दात पडले. आत्ता अडीच वाजेपर्यंत मला वाटत होतं ते जिनमुळं पडले. आज कळलं, या बाईंनी साचा फोडला होता आणि डिंकानं चिकटवला होता."

एव्हरिलनं शेरिलकडं पाहायचं टाळलं. आणि मग सभागृह असं फुटलं, की खिडक्या थरथरल्या. वटवाघळांच्या स्वेटरवाल्या आजोबांनी मांडीवर थाप मारली. "डिंकानं!" कुणीतरी किंचाळलं.

"मी गंमत करत नाहीये!" थॉर्नबींचा आवाज चढला. आवाज चढला तसं हसणंही चढलं.

एव्हरिल उठून उभी राहिली. तिला वाटलं, निदान तिनं तरी सांगावं. "खरं आहे ते," ती म्हणाली. "माझी चूक होती. डिंक नव्हे, दुसरा गोंद होता, आणि वर मेण लावलं होतं. तीन तुकडे झाले होते. मी साहेबांना सांगितलं नाही. त्यामुळं यांचं फार नुकसान झालं. मी त्यांची माफी मागते."

लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली. ती जितकी मनापासून बोलत होती तितकी त्यांना ती पक्की मुरलेली विनोदी नटी वाटत होती. "मेण!" तिसऱ्या रांगेतला एक माणूस डोळे पुसत म्हणाला, "आणि चेहरा बघा कसा केलाय!" टॅम्सिन टाळ्या वाजवत होती. थॉर्नबी आणि एव्हरिल एकमेकांकडे बघत उभे होते.

शेवटी थॉर्नबींनी हात वर केला, सभागृह गप्प झालं, आणि ते थकून म्हणाले, "बरं. तुम्ही म्हणाल तसं." त्यावर तर लोक टाळ्या वाजवत उभेच राहिले.

फक्त शेरिल हसत नव्हती. बाहेर पडताना तिनं एव्हरिलला गाठलं. "तुम्ही खरं बोललात ना?"

"हो," एव्हरिल म्हणाली. "तुमचा हिरमोड केला मी."

"नाही हो. म्हणजे काउंटलाही भीती वाटत होती. तीन जिन!" शेरिल रिकाम्या खुर्चीवरची कपबशी पिशवीत नीट गुंडाळून ठेवू लागली. "हे मी घरी जाऊन नवऱ्याच्या फोटोला सांगणार."

थॉर्नबींची टॅक्सी दारात होती. क्लाइव्हनं दार धरलं होतं. आत बसायला त्यांना वेळ लागला. पाय आत घेतल्यावर ते एव्हरिलला म्हणाले, "माफीचं मी अजून काही ठरवलेलं नाही."

"समजते मी."

"तुला समजत नाही. मलाच समजत नाहीये. बायकोशी बोलावं लागेल." त्यांनी काच वर केली.

चार दिवस एव्हरिलचा जीव टांगणीला. फोन वाजला की दचकायची, नाही वाजला की जास्त. कुणास ठाऊक, त्या घरात काय चाललंय. बाटली आलीय का. नाताळला काय होईल. बुधवारी फोन आला, तो थॉर्नबींचाच. "रविवारी एक वाजता जेवायला ये. नवऱ्यालाही आण. मार्जोरीला तुझ्याशी बोलायचंय." आणि कट. आवाजावरून काही ओळखता आलं नाही.

रविवारी ते दोघं गाडीनं थॉर्नबींच्या गावी, रेडिंगला निघाले. क्लाइव्हनं रेडिओ लावला, तिनं बंद केला. त्यानं पुन्हा लावला नाही.

दार मार्जोरी थॉर्नबींनी उघडलं. लहानखुरी, ऐंशी पार केलेली बाई, ॲप्रन लावलेली, हाताला पीठ. आतून भाजलेल्या गोमांसाचा वास येत होता आणि थॉर्नबी कुणावर तरी, बहुधा कुत्र्यावर, ओरडत होते.

"तूच का ती साचा फोडणारी?" मार्जोरी म्हणाल्या.

"हो. मी..."

"थांब. आधी माझं ऐक, म्हणजे तुला नीट जेवता येईल. त्या एका घोटानंतर त्यानं घेतलेली नाही. मी विचारलं, हवी का आणून देऊ, आता शिक्षा संपली. तर म्हणाला, नको, चवच आवडत नाही." त्यांनी पिठाचा हात ॲप्रनला पुसला आणि एव्हरिलच्या हातातला फुलांचा गुच्छ घेतला. "तू त्याचं नाटक घालवलंस, ते मला आवडलेलं नाही. तो फार चांगला राजा होता गं. मी पाहिलाय. पण तेव्हा दारू सुटली नसती तर मी त्याच्याशी लग्नच केलं नसतं. त्यामुळं आता मी तुझ्यावर रागवू की काय करू, तूच सांग."

एव्हरिलचे डोळे भरून आले.

"रडू नको, रस्सा पातळ होईल," मार्जोरी म्हणाल्या. "कोट दे इकडं. आणि तुम्ही हो, नळवाले ना तुम्ही? जेवण झाल्यावर आमच्या वरच्या न्हाणीघरात जरा डोकवाल का?"

"आणा पाना," क्लाइव्ह म्हणाला आणि पायपुसण्यावर बूट घासत आत गेला.